मोठ्या अस्वलाच्या सरोवरावरचं गाव

बरेच दिवस काही लिहिलं नव्हतं. आज लिहायला बसले आहे ते एका जुन्या चुकीबद्दल. चूक माझीच, आणि तीही भर वर्गात केलेली.

तीस-एक वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. दुसरं महायुद्ध आलं की फळ्यावर दोन तारखा ठळक लिहायच्या आणि खाली रेघ मारायची. ६ ऑगस्ट १९४५, हिरोशिमा. ९ ऑगस्ट १९४५, नागासाकी. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, कुठेही येऊ शकतं! असंच एकदा शिकवत असताना मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तो बाँब ज्याचा केला ते कुठून आणलं होतं?" मी म्हटलं, "युरेनियम. अमेरिकेत सापडतं ते. बस खाली." पोर्शन संपवायचा होता, चाचणी तोंडावर आली होती. ती बसली आणि मी पुढे गेले.

मध्यंतरी कॅनडात राहणाऱ्या माझ्या भाचीशी फोनवर बोलताना थंडीचा विषय निघाला. ती म्हणाली, "मावशी, आमची थंडी काहीच नाही, उत्तरेला एका सरोवरावर एक गाव आहे, तिथली थंडी बघ." आणि तिने गावाचं नाव सांगितलं, देलिने. सहज म्हणून वाचायला घेतलं आणि त्या गावात मी अशी अडकले की दोन महिने दुसरं काही सुचलं नाही. मागच्या बाकावरच्या त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर (निदान त्यातला एक तुकडा) मला त्या गावात सापडलं.

आधी गाव कुठे आहे ते सांगते. कॅनडाच्या वायव्येला नॉर्थवेस्ट टेरिटरीज नावाचा अफाट प्रदेश आहे. तिथे ग्रेट बेअर लेक, म्हणजे मोठ्या अस्वलाचं सरोवर. संपूर्णपणे कॅनडाच्या हद्दीत असलेलं हे सर्वात मोठं सरोवर. क्षेत्रफळ ३१ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे आपल्या महाराष्ट्राचे दहा भाग केले तर त्यातला एक भाग नुसतं पाणीच पाणी! उत्तर ध्रुववृत्त या सरोवराच्या उत्तर भागातून जातं. वर्षातले सात-आठ महिने पाण्यावर बर्फ असतं. आणि एवढ्या प्रचंड सरोवराच्या काठावर कायम वस्तीचं गाव एकच, हे देलिने. २०२१ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या भरली ५७३. त्याआधी २०१६ मध्ये होती ५३३. आमच्या शाळेचा सकाळच्या सत्राचा पट याहून मोठा होता.

सरोवराचं पाणी जिथून नदी होऊन बाहेर पडतं, त्या जागेजवळ हे गाव वसलं आहे. नावाचा अर्थही तोच, पाणी वाहून जातं ती जागा. बारमाही रस्ता नाही. विमानानं जायचं, नाहीतर कडक हिवाळ्यात बर्फावरून जे काही आठवडे वाहनं जाऊ शकतात, तेव्हा जायचं. वर्षभराचं इंधन आणि जड सामान त्या आठवड्यांत आणून ठेवायचं किंवा उन्हाळ्यात पाण्यातून न्यायचं. सरोवरातले ट्राउट मासे आणि कॅरिबू, म्हणजे तिकडचं रेनडिअर, हे पिढ्यान् पिढ्यांचं अन्न.

लोक आहेत देने नावाच्या आदिवासी समाजाचे. त्यांच्या भाषेत सरोवराचं नाव साहतू, आणि हे स्वतःला म्हणवतात साहतूगोतिने, म्हणजे साहतूची माणसं. मला हे फार आवडलं. सरोवर आपलं, असं ते म्हणत नाहीत. आपण सरोवराचे, असं म्हणतात. सरोवराच्या तळाशी एक हृदय आहे आणि ते धडधडत असतं म्हणून सारं पाणी जिवंत आहे, अशी त्यांची कथा आहे.

बाहेरच्या जगाच्या कागदावर हे ठिकाण आलं १८२५ साली. इंग्रज दर्यावर्दी जॉन फ्रँकलिन उत्तर किनाऱ्याच्या शोधमोहिमेवर असताना त्यानं आपला हिवाळी मुक्काम इथे टाकला. त्या जागेचं नाव पडलं फोर्ट फ्रँकलिन. त्याच्या त्या हिवाळ्यातल्या एका पत्रात त्याची माणसं बर्फावर हॉकी खेळत असल्याचा उल्लेख आहे, आणि त्यावरून बर्फावरच्या हॉकीचं जन्मस्थान आम्हीच, असं देलिने गाव मोठ्या दिमाखात सांगतं. (कॅनडात हा दावा सांगणारी इतरही गावं आहेत. आपल्याकडे भेळ आणि मिसळीवरून चालतं तसंच ते!) हा फ्रँकलिन पुढे १८४५ साली दोन जहाजं आणि माणसं घेऊन पुन्हा उत्तरेला गेला आणि सगळेच्या सगळे, १२९ जण, बर्फात नाहीसे झाले. त्याचं नाव मात्र या गावाला १९९३ पर्यंत चिकटून होतं. त्या वर्षी गावानं आपलं मूळ नाव परत घेतलं.

पण मुळात गाव असं नव्हतंच. देने लोक फिरस्ते. माशांच्या मोसमात सरोवरावर, कॅरिबूच्या मागे रानात, असं त्यांचं वर्ष जायचं. १९२१ साली सरकारनं त्यांच्याशी आणि शेजारच्या इतर गटांशी करार केला. त्याच्या आदल्याच वर्षी जवळच्या नॉर्मन वेल्सला तेल सापडलं होतं, हे लक्षात घेतलं की सरकारला एकदम कराराची आठवण का झाली ते कळतं. शाळा, चर्च वगैरे येऊन लोक एका जागी स्थिरावले ते विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास.

त्याआधी सरोवराच्या दुसऱ्या टोकाला एक गोष्ट घडली होती. गावापासून पाण्यावरून अडीचशे किलोमीटरच्या आसपास, पूर्वेच्या काठावर, १९३० साली गिल्बर्ट लाबाइन नावाच्या खनिजशोधकाला काळा जड दगड सापडला. पिचब्लेंड. मेरी क्युरी यांनी ज्यातून रेडियम वेगळं काढलं तेच हे खनिज. त्या काळी एका ग्रॅम रेडियमला हजारो डॉलर मोजावे लागत, कारण कॅन्सरच्या उपचारासाठी ते हवं होतं आणि बाजार जवळजवळ सगळा बेल्जियन काँगोच्या खाणींच्या हातात होता. लाबाइनच्या एल्डोराडो कंपनीनं खाण सुरू केली, त्या जागेला नाव पडलं पोर्ट रेडियम, आणि पार दक्षिणेला ऑन्टारियोतल्या पोर्ट होप या गावी शुद्धीकरणाचा कारखाना काढला. गंमत म्हणजे युरेनियमला तेव्हा फारशी किंमत नव्हती. थोडं चिनी मातीच्या भांड्यांच्या रंगाला जायचं, बाकीचं उरलेला चोथा म्हणून टाकायचं.

आता खाण सरोवराच्या पूर्वेला आणि कारखाना हजारो किलोमीटर दूर. माल न्यायचा कसा? पोत्यांत भरून. खाणीतून होड्यांवर, सरोवर ओलांडून नदीच्या तोंडाशी, नदीत जिथे खळाळ आहे तिथे उतरवून पुन्हा चढवायचा, मग मॅकेन्झी ही मोठी नदी, मग आणखी एक सरोवर, पुन्हा एक नदी, पुन्हा खळाळ, पुन्हा चढउतार, असं करत करत शेवटी रेल्वेपर्यंत. प्रत्येक ठिकाणी पोती पाठीवर घेणारे हमाल लागत. ते हमाल म्हणजे साहतूची माणसं. चाळीस-पंचेचाळीस किलोचं एकेक पोतं. होडीवर पोत्यांच्या थप्पीवरच बसायचं, तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं. अंगावर आणि कपड्यांवर काळी पूड. रिकाम्या पोत्यांचं कापड चांगलं जाड म्हणून घरी नेऊन त्याचे तंबू शिवले, असं गावातली म्हातारी माणसं सांगत आली आहेत. थंडीच्या मुलखात चांगलं कापड कोण टाकून देईल?

१९४० साली खाण बंद पडली. १९४२ साली ती एकदम पुन्हा उघडली. आता रेडियम नको होतं, तो चोथा हवा होता. अमेरिकेत अणुबाँबचा गुप्त प्रकल्प सुरू झाला होता. कॅनडाच्या सरकारनं गुपचूप कंपनीचे शेअर घेऊन तिचा ताबा मिळवला आणि १९४४ मध्ये ती उघडपणे सरकारी झाली. इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण अर्धवट माहितीनंच मी मागे एकदा फसले आहे. त्या प्रकल्पाला लागलेलं युरेनियम मुख्यतः काँगोतून आलं, काही अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या पठारावरून, आणि काही या अस्वलाच्या सरोवरावरून. काँगोचा बराचसा मालही पोर्ट होपलाच शुद्ध होई. म्हणजे "अमेरिकेत सापडतं ते" हे माझं उत्तर फार तर थोड्या भागापुरतं खरं होतं. मोठा भाग आफ्रिकेतल्या मजुरांनी खणला होता आणि एक भाग देने हमालांनी पाठीवरून वाहिला होता. पाठ्यपुस्तकात यातलं कोणीच नव्हतं. आइन्स्टाइन होते, रूझवेल्ट होते, ट्रुमन होते.

बाँब पडला. १९४५ साल संपेपर्यंत एकट्या हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार माणसं मेली. बाँबची बातमी जाहीर झाली तेव्हा कॅनडाच्या मंत्र्यांनी या कामात आपल्या देशाचाही वाटा असल्याचं अभिमानानं जाहीर केलं. पोती वाहणाऱ्यांना मात्र आपण काय वाहिलं हे कोणी सांगितलं नाही. खाण १९६० पर्यंत युरेनियमसाठी चालली. पुढे १९८२ पर्यंत त्याच भागात चांदी काढत होते.

हा दगड अंगाला घातक आहे हे माहीत नव्हतं का? होतं. रेडियमच्या रंगानं घड्याळाच्या तबकड्या रंगवणाऱ्या अमेरिकेतल्या मुली १९२० च्या दशकातच मरू लागल्या होत्या. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडाच्याच खाण खात्यानं अशा खनिजाजवळ काम करणाऱ्यांनी काळजी घ्यावी, असं लिहून ठेवलं होतं. मेरी क्युरी स्वतः १९३४ साली गेल्या. ते कागद इंग्रजीत होते, ऑफिसात होते. पोती वाहणारे देने भाषा बोलत होते आणि नदीवर होते.

पुढे गावात म्हातारे पुरुष एकामागून एक कॅन्सरनं जाऊ लागले. पूर्वी हा रोग गावाला ठाऊक नव्हता, असं लोक म्हणतात. १९९९ साली या गावावर माहितीपट निघाला, त्याचं नावच विधवांचं गाव असं होतं. त्याच्या आदल्या वर्षी, १९९८ मध्ये, गावानं स्वतःच माहिती गोळा करून एक अहवाल तयार केला. त्याच्या नावाचा अर्थ, 'आम्हाला हे कधी सांगितलंच नाही'. तो घेऊन ते राजधानीत, ओटावाला, मंत्र्यांना भेटायला गेले.

आणि मग ते आणखी एका ठिकाणी गेले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये देलिनेची काही माणसं हिरोशिमाला गेली. बाँबमधून वाचलेल्या लोकांना भेटली आणि त्यांनी त्यांची माफी मागितली. का, तर आमच्या जमिनीतला दगड आणि आमच्या पाठीवरून गेलेली पोती तुमच्या दुःखाला कारण झाली म्हणून.

हे वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. ज्यांनी ठरवलं, ज्यांनी बनवला, ज्यांनी टाकला, त्यांच्याकडून हा शब्द आला नाही. ज्यांना काही सांगितलंच नव्हतं, ज्यांचे स्वतःचे नवरे आणि बाप गेले होते, ती माणसं पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन माफी मागून आली. आपल्याला वाटतं, नकळत झालं त्याला काय करणार? त्यांनी तसं म्हटलं नाही. आमच्या हातून गेलं, एवढं त्यांना पुरेसं होतं.

त्यांच्यात एक जुनी भविष्यवाणी सांगतात. जॉर्ज ब्लाँडिन या देने लेखकानं ती १९९० साली आपल्या पुस्तकात नोंदवली आहे. फार पूर्वी त्या पूर्वेच्या काठावर शिकारी मुक्कामाला असताना एका वैदूला रात्री दृष्टान्त झाला. परके लोक जमिनीत भोक पाडून दगड काढताहेत, त्या दगडाची वस्तू एक मोठा पक्षी दूर नेतो आणि माणसांवर टाकतो. ती माणसं दिसायला आपल्यासारखीच होती, असं त्यानं सांगितलं. मी काही भविष्य मानणाऱ्यांतली नाही. पण ज्यांना ठार मारलं ते आपल्यासारखेच दिसत होते, हे त्या कथेत आवर्जून सांगितलं आहे, आणि मला वाटतं हिरोशिमाला जाण्याचं कारण त्यातच आहे.

आता लोकसंख्येच्या आकड्याकडे परत येते, कारण खरा घोळ तिथेच आहे.

१९९९ साली कॅनडा सरकार आणि देलिने यांनी मिळून चौकशी सुरू केली. अहवाल आला २००५ मध्ये. त्यात काय निघालं? पोती वाहणाऱ्यांना किरणोत्सर्ग लागला होता, हे मान्य. गावाला भीती आणि दुःख सोसावं लागलं, हेही मान्य. पण कॅन्सर त्या पोत्यांमुळेच झाला असं शास्त्रीयदृष्ट्या ठामपणे म्हणता येत नाही, कारण आकडेच लहान आहेत. गाव लहान, हमाल मूठभर, जुन्या नोंदी अपुऱ्या.

मी गणिताची शिक्षिका नव्हे, पण हे मला शाळेच्या निकालावरून समजतं. साठ मुलांच्या वर्गात बारा नापास झाले तर काहीतरी बिघडलंय असं मुख्याध्यापक म्हणू शकतात. पटावर पाचच मुलं असली आणि त्यातलं एक नापास झालं तरी निकाल ८० टक्केच लागतो, पण त्यावरून काय म्हणणार? ते मूल आजारी असेल, नाहीतर अभ्यास केला नसेल. शास्त्रज्ञांनी लबाडी केली असं मी म्हणत नाही. हिशेबाची रीतच अशी आहे की तिला पुष्कळ माणसं लागतात. पण मग लहान गावानं काय करायचं? पुरावा द्यायला पुरतील एवढी माणसं नव्हतीच त्यांच्याकडे मरायला!

आणि दुसरी बाजू अशी की मोठ्या शहरात दहा म्हातारे गेले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पाचशेच्या गावात ते मोठं भगदाड पडतं. देने लोकांचं सगळं ज्ञान तोंडी. कुठल्या महिन्यात कुठल्या खाडीत मासे येतात, बर्फ कुठे पातळ असतो, कुठली कथा कुठल्या डोंगराची, हे सगळं आजोबा नातवाला रानात नेऊन शिकवणार. आजोबाच वेळेआधी गेले तर नातवाला कोण शिकवणार? गावातल्या लोकांचं सर्वात मोठं दुखणं हेच होतं. आमची माणसं गेली, आणि त्यांच्याबरोबर आमची शाळा गेली. मला, मास्तरणीला, ही गोष्ट लागायचीच.

तर मग गाव संपलं का? नाही, आणि म्हणून तर हा लेख लिहावासा वाटला. २००७ पर्यंत जुन्या खाणीची सफाई करून घेण्यात आली. २०१६ हे वर्ष तर गावासाठी फार मोठं ठरलं. मार्च महिन्यात युनेस्कोनं सरोवर आणि भोवतालचा मुलूख जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्य केला, आणि त्याची देखरेख या गावाकडेच आहे. त्याच वर्षी १ सप्टेंबरला गावाचं स्वतःचं स्वराज्य सुरू झालं. तोपर्यंत नगरपालिका वेगळी, आदिवासी मंडळ वेगळं, असा कारभार होता. आता गावाचं एकच सरकार, त्यांच्या भाषेतल्या नावाचं. आणि पाच वर्षांनी जनगणना झाली तेव्हा चाळीस माणसं वाढलेली. चाळीस म्हणजे मुंबईत लोकलचा अर्धा डबाही भरत नाही. तिथे मात्र तो गावाच्या चौदाव्या हिश्श्याएवढा आकडा आहे.

लुई आया नावाचे एक द्रष्टे या गावात होऊन गेले. १९४० साली ते वारले, म्हणजे बाँबच्या पाच वर्षं आधी. एक दिवस जगभरचं पाणी आणि अन्न आटेल आणि लोक दुरून दुरून या सरोवराकडे येतील, असं ते सांगत. गाव अजूनही ते मनावर धरून आहे. सरोवर स्वच्छ ठेवायचं, कारण ते फक्त आपल्यासाठी नाही, येणाऱ्यांसाठीही आहे. ज्यांच्या काठावरून दगड नेऊन कोणी बाँब केला, ते लोक येणाऱ्या पाहुण्यांसाठी पाणी राखून ठेवताहेत.

असो. लेख लांबला, सवय जात नाही. मागच्या बाकावरची ती मुलगी आता पन्नाशीला आली असेल. कुठे असते मला माहीत नाही. प्रश्न तिचा अगदी योग्य होता आणि मी तिला खाली बसवलं. माझ्या विद्यार्थिनींपैकी काही जणी इथे अधूनमधून डोकावतात, म्हणून लिहून ठेवते. बाळ, उत्तर चुकलं होतं. ते काँगोतून आणलं होतं, कोलोरॅडोतून आणलं होतं, आणि अस्वलाच्या सरोवरावरून, माणसांच्या पाठीवरून आणलं होतं. तुझा बाईंनी तेव्हा शोधायला हवं होतं, ते राहून गेलं.